चोपण जमीन आणि समीकरणातला बाण

मंडळी, विषय जाहीर झालाय तो 'द्रावणातील अभिक्रिया आणि त्यांची समीकरणं'. शाळेत या धड्यात तक्ता असतो, त्यात प्रकार असतात, आणि परीक्षेनंतर तो तक्ता कुणाच्या कामी येत नाही. शिर्डीत बसून हा विषय शिकायचा तर तक्त्याची गरज नाही. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात चोपण जमिनीचा एखादा तुकडा घ्या, सगळे प्रकार त्यात सापडतात. आणि तिथे समीकरण चुकलं तर गुण जात नाहीत, पैसे जातात.

गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले, भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेचं पाणी फिरलं. ऊस आला. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. पण काळ्या भारी जमिनीत पाणी भरपूर आणि निचरा कमी, असं झालं की खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात.

इथे एक भेद आधी करू या, तो न केल्यामुळेच घोटाळा होतो. जमिनीत विद्राव्य क्षार जास्त, पण सामू साडेआठच्या आत, ती क्षारयुक्त जमीन. सामू साडेआठच्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर, ती चोपण. पहिलीला चर काढून चांगल्या पाण्याने धुतलं की बहुतेक काम होतं, जिप्समची गरज नसते. दुसरीला नुसतं धुऊन भागत नाही. दोन्हींवर पांढरं दिसू शकतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, माती तपासून घ्या.

आता द्रावण. मीठ पाण्यात विरघळतं म्हणजे काय होतं? सोडियम आयन आणि क्लोराइड आयन वेगळे होऊन फिरू लागतात. द्रावणात पदार्थांची लग्नं मोडलेली असतात, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. मग दोन द्रावणं एकत्र आली की कोण कुणाशी जोडी जमवतो एवढाच प्रश्न उरतो.

घरी करून बघा. एका ग्लासात धुण्याचा सोडा विरघळवा, दुसऱ्यात जिप्सम ढवळून वरचं निवळ पाणी घ्या. एकत्र करा. लगेच पांढरं गढूळ होईल.

सोडियम कार्बोनेट + कॅल्शियम सल्फेट → कॅल्शियम कार्बोनेट ↓ + सोडियम सल्फेट

ही दुहेरी विस्थापनाची अभिक्रिया, आणि खाली जाणारा बाण म्हणजे अवक्षेप. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपला चुनखडा, शुद्ध पाण्यात त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही विरघळत नाही. म्हणून तो द्रावण सोडून तळाशी बसतो. पण सोडियम आणि सल्फेट? ते आधी मोकळे होते, नंतरही मोकळेच. यांना प्रेक्षक आयन म्हणतात. ते वगळून लिहिलं की खरी घटना उरते:

कॅल्शियम आयन + कार्बोनेट आयन → कॅल्शियम कार्बोनेट ↓

याला निव्वळ आयनिक समीकरण म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे आवडतं, कारण घडलेलं आणि नुसतं हजर असलेलं यातला फरक ते दाखवतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हे प्रेक्षकच महत्त्वाचे, ते कसं ते बघा.

चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसलेलं असतं. त्यामुळे कण विस्कटतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. कॅल्शियमवर दुप्पट धन प्रभार, ते कणांना एकत्र धरतं. जिप्सम टाकल्यावर हे घडतं:

सोडियमयुक्त माती + कॅल्शियम सल्फेट ⇌ कॅल्शियमयुक्त माती + सोडियम सल्फेट

इथे बाण दुहेरी आहे. आपण 'समीकरण' म्हणतो खरं, पण यात बरोबरचं चिन्ह नाही, हे कधी लक्षात घेतलंय? अणूंची संख्या दोन्हीकडे बरोबर असते, म्हणून ते समीकरण. बाण सांगतो तो प्रवास, आणि दुहेरी बाण सांगतो की परतीचीही वाट आहे. उजवीकडचं सोडियम सल्फेट तिथेच साचलं तर अभिक्रिया पुढे सरकत नाही. ते पाण्याबरोबर बाहेर गेलं तरच सरकते. म्हणून चर आधी, जिप्सम नंतर. चर नसताना गाड्याच्या गाड्या जिप्सम टाकणं म्हणजे बाणाच्या एका टोकाकडेच बघणं.

जमिनीत मुळातच चुनखडी असेल तर दुसरा उपाय गंधकाचा. इथे ऑक्सिडीकरण येतं, आणि ते करतात मातीतले जिवाणू:

२ गंधक + ३ ऑक्सिजन + २ पाणी → २ सल्फ्युरिक आम्ल

संतुलन तपासा. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू, म्हणजे तिन्हींत सहा, पाण्याचे दोन, एकूण आठ. उजवीकडे आम्लाच्या एका रेणूत चार, दोन रेणूंचे आठ. जमलं. मग ते आम्ल चुनखडीवर जातं:

सल्फ्युरिक आम्ल + कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम सल्फेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड ↑

म्हणजे जिप्सम शेतातच तयार झालं. संतुलित समीकरणाचा फायदा असा की हिशोबही लगेच निघतो: ३२ किलो गंधकातून १७२ किलो जिप्सम, म्हणजे किलोला साधारण सव्वापाच ते साडेपाच किलो. पण जिवाणूंना ओलावा, ऊब आणि वेळ लागतो, आणि जमिनीत चुनखडी नसेल तर दुसरं समीकरण सुरूच होत नाही. मातीवर विरळ आम्लाचे थेंब टाका. फसफसली तर चुनखडी आहे.

साखर कारखान्यात उसाच्या रसात चुना आणि सल्फर डायऑक्साइड घालतात, त्यातही कॅल्शियम सल्फाइटचा अवक्षेप बनून मळ घेऊन खाली बसतो. प्रकार ओळखीचाच, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

मगाशी एकांनी विचारलं, धैंचा गाडल्याने काय होतं? फुलोऱ्यावर यायच्या आधी गाडला की तो कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो मातीतल्या पाण्यात विरघळतो, आणि:

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड ⇌ कॅल्शियम बायकार्बोनेट

न विरघळणारा चुनखडा असा विरघळतो आणि कॅल्शियम मोकळं होतं. हेच समीकरण उजवीकडून डावीकडे वाचा: बोअरचं पाणी तापवलं की बंबाच्या आत जो पांढरा थर बसतो, तो हाच.