झाडीपट्टीचे शाळकरी परीक्षक

२०१४ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाला बालविभागातील ‘क्रिस्टल बेअर’ हे पारितोषिक लाभले, तेव्हा आपणां सर्वांना अभिमान वाटला. परंतु ते पारितोषिक देणारे पंच कोण होते, ही गोष्ट त्या यशाइतकीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे कोकणातल्या एका अनोळखी गावी येऊन पडलेल्या मुलाची ही कथा सर्वांत सरस, असा निवाडा अकरा ते चौदा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या मंडळाने दिला होता. हे बालपंच कोणाच्या शिफारशीने नेमले जात नाहीत. आदल्या वर्षीच्या महोत्सवात पाहिलेल्या चित्रपटांविषयी मुलांनी जी प्रश्नपत्रके भरून दिलेली असतात, त्यांवरून त्यांची निवड होते. परभाषेतील संवाद लहानग्यांना कळावेत म्हणून त्यांचे जर्मन रूपांतर चित्रगृहातच एक वाचक मोठ्याने वाचून दाखवतो. इटलीतील जिफोनी या लहानशा गावी तर १९७१ पासून मुलांनाच परीक्षकाच्या आसनावर बसवणारा महोत्सव भरत आला आहे.

आपल्याकडे मुलांसाठी म्हणून जे चित्रपटाचे कार्यक्रम होतात, त्यांत मुलांच्या वाट्याला बहुधा रांगेने येणे, रांगेने बसणे आणि पाहुण्यांच्या भाषणानंतर टाळ्या वाजवणे एवढेच येते. देशाच्या पातळीवर या शिरस्त्याला छेद देण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९५५ साली स्थापन झालेल्या बालचित्र समितीने १९७९ पासून आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सवाची प्रथा पाडली, पुढे हैदराबाद हे त्याचे कायमचे ठिकाण ठरले, आणि मुलांनी स्वतः केलेल्या चित्रपटांनाही त्यात कालांतराने स्थान मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या सिरोंच्याला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ आहे. तथापि तेथील आश्रमशाळेतल्या मुलीला तेवढाही प्रवास सहजसाध्य नाही. २०२२ मध्ये ती समितीही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तेव्हा महोत्सवानेच चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शाळांकडे जावे, आणि जाताना निवडीचा अधिकार मुलांच्या हाती द्यावा, असे मला मनापासून वाटते.

या मुलांना कलेची पारख ती कशी असणार, अशी शंका कोणी काढील, तर त्याने एकदा या झाडीपट्टी प्रदेशातील हिवाळ्याची रात्र पाहावी. धानाची कापणी उरकली, दिवाळी सरली, की वडसा-देसाईगंज येथील नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्यांत तारखा ठरवण्याची धांदल उडते आणि होळीपर्यंत गावोगावी, शंकरपट या बैलांच्या शर्यतीच्या किंवा मंडई या जत्रेच्या निमित्ताने, रात्रभर नाटके रंगतात. झाडीपट्टीच्या या रंगभूमीला सरकारी अनुदानाने जगवलेले नाही, तिकीट काढून येणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांनी जगवले आहे. आणि या रंगभूमीवर आयुष्य वेचणारे गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा तो गौरव एका अर्थाने त्या प्रेक्षकांचाही होता. आईच्या मांडीवर पेंगत, मध्येच गाण्याच्या ठेक्याने जागे होत, लहान मुलेही ही नाटके पाहतात. कोणता नट जीव ओतून काम करतो, कुठे प्रसंग उगाच लांबतो, कुठे सारा मांडव स्तब्ध होतो, याचे ज्ञान त्यांना पुस्तकाविना झालेले असते. दंडारीत नाचणाऱ्या काका-मामांकडून ठेका आणि सोंग यांची जाणही त्यांना मिळालेली असते. या उपजत अभिरुचीला चार लोकांसमोर कारणे देऊन बोलण्याची संधी मिळाली, तर तिचे विवेकात रूपांतर होण्यास फारसा विलंब लागणार नाही.

लघुपट या कामाला विशेष अनुकूल आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’सारखा, शाळेची ओढ लागलेल्या पारधी मुलाची कथा सांगणारा आणि दिग्दर्शकाला पहिल्याच प्रयत्नात राष्ट्रीय पारितोषिक मिळवून देणारा लघुपट एका तासिकेत पाहून होतो आणि त्यावर बोलायलाही अवधी उरतो. मात्र त्या बोलण्यात गुरुजींनी किंवा बाईंनी तात्पर्य विचारण्याची घाई करू नये. आधी काय दिसले ते विचारावे, मग काय ऐकू आले ते, आणि ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ या उत्तराला ‘का?’ एवढाच प्रश्न जोडावा.

भाषेचा प्रश्न येथे बिकट आहे. भामरागडकडचे मूल घरी माडिया बोलते, कोरचीकडचे छत्तीसगढी, सिरोंच्याचे तेलुगू, मुलचेऱ्याच्या पुनर्वसित वस्त्यांतले बंगाली; पडद्याच्या तळाशी धावणारी अक्षरे तिसरी-चौथीच्या मुलाला वाचून होत नाहीत. बर्लिनचा तो वाचक येथे उपयोगी पडेल, आणि ते काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनीच करावे: आदल्या आठवड्यात संवादांचा मसुदा घेऊन बसावे, माडियात किंवा गोंडीत रूपांतर करावे, आणि चित्रपट चालू असताना धाकट्यांना वाचून दाखवावे. परीक्षक मंडळाची चर्चाही ज्याच्या त्याच्या भाषेत होऊ द्यावी.

मुलांनी स्वतः लघुपट करावयाचे ठरवले, तर विषयांची वाण नाही. माजी मालगुजारी तलावातील मासेमारी, रोवणीच्या दिवसांतली बायकांची गाणी, मोहफुले वेचणारी आजी, चंद्रपूरच्या कोळशाने काळवंडलेला रस्ता, वाघाच्या धास्तीने सायंकाळी लवकर मिटणारी दारे, हे सारे त्यांना रोजचेच आहे. परंतु चित्रणाच्या हौसेने कोणत्याही मुलाला जंगलात धाडू नये. वाघाची गोष्ट अंगणात बसून सांगता येते. ज्याच्या घरातले माणूस वाघाने नेले, त्याला ते दुःख कॅमेऱ्यापुढे मांडण्यास भाग पाडू नये. पालकांची संमती केवळ सही-अंगठ्यापुरती घेऊ नये. चित्रण कोणास दाखवले जाईल, हे त्यांना समजावून सांगावे.

राहता राहिली वेळेची तजवीज. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट बंद होते. मार्च-एप्रिलात मोह आणि मे महिन्यात तेंदूपाने घरातल्या सर्व हातांना बोलावतात. म्हणून नाटकांचाच हंगाम महोत्सवालाही सोयीचा. बालपंचांनी निवडलेला लघुपट एखाद्या गावी नाटकाची घंटा होण्यापूर्वी त्याच मांडवात दाखवावा, त्याचे नाव मुलांनीच ध्वनिक्षेपकावरून पुकारावे आणि तो का निवडला हे जमलेल्या मंडळींना सांगावे. त्यासाठी लागणारी वीज, पडद्याची जागा आणि प्रेक्षक तेथे आयतेच असतात. नाटक मंडळीच्या चालकाची आणि गावच्या आयोजकांची अनुमती तेवढी आधी घ्यावी लागेल.