पंख्याभोवतीचं कडं: डिझेल वाचवायचं की जाळं वाढवायचं?

मिरकरवाडा असो, हर्णै असो की साखरीनाटे. बंदरावरच्या गप्पा मासळीच्या भावावरून निघतात आणि डिझेलवर येऊन थांबतात. ट्रॉलरच्या फेरीत सगळ्यात मोठा खर्च डिझेलचाच. बर्फ, रेशन, खलाशांचा वाटा ही गणितं त्यानंतरची. डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण तो मागाहून. पैसे मात्र आधी मोजावे लागतात. म्हणूनच बोटीच्या पंख्याभोवती बसवायच्या ‘नोझल’ची माहिती आपल्या मच्छीमार बांधवांनी करून घ्यायला हवी.

नोझल म्हणजे पंख्याभोवतीचं जाड पोलादी कडं. जर्मनीच्या लुडविग कॉर्ट यांनी 1930 च्या दशकात ते पुढे आणलं, म्हणून त्याला ‘कॉर्ट नोझल’ म्हणतात. मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींना ते सर्रास दिसतं.

कडं काय करतं?

ट्रॉलर जाळं ओढतो तेव्हा वेग असतो दोन-चार नॉटचा. इंजिन जीव तोडून चालतं, पंखा गरगर फिरतो, पण बोट पुढं सरकते हळूच. अशा वेळी पात्यांच्या टोकांवरून पाणी मागून पुढे निसटतं आणि जोर वाया जातो. कडं ही वाट अडवतं. शिवाय कड्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. पंखा पाणी आत खेचतो तेव्हा ते पाणी कड्यालाही पुढे ढकलतं. म्हणजे पंखा तर ढकलतोच, कडंही हातभार लावतं. नीट बसवलेल्या नोझलमुळे त्याच इंजिनाची जागच्या जागी ओढ साधारण 25 ते 30 टक्क्यांनी वाढू शकते. जसजसा वेग वाढतो, तसतसा हा फायदा घटतो. नऊ-दहा नॉटच्या पुढे तर कड्याचा अडथळाच होतो.

म्हणून हे कडं सगळ्यांसाठी नाही. जो बराच वेळ जाळं ओढतो, त्या ट्रॉलरला ते फळतं. गिलनेट किंवा पर्ससीनवाल्यांनी त्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी बिनपैशाचा उपाय आहे, वेग थोडा कमी करणं. वेग 10 टक्क्यांनी उतरवला की इंजिनावरचा भार ढोबळमानाने पाव हिश्शाने कमी होतो. घरी पोचायला थोडा उशीर होईल, एवढंच.

बसवताना काय पाहाल?

जुन्याच पंख्यावर कडं ठोकून भागत नाही. पात्याचं टोक आणि कडं यांतली फट पंख्याच्या व्यासाच्या एक टक्क्याच्या आत हवी. म्हणजे एक मीटरच्या पंख्याला 10 मिलिमीटरपेक्षा कमी. फट वाढली की फायदा गेला. शाफ्टचं बेअरिंग झिजलेलं असेल तर पातं कड्याला घासणार. पाती रुंद, चौकोनी टोकाची लागतात, पिचही नव्याने ठरवावा लागतो. लाकडी बोटीला कड्याचं वजन आणि धक्का पेलेल असा आधार द्यावा लागतो. बोट मागे घेताना सुकाणू नीट साथ देत नाही, हे तांडेलाने ध्यानात ठेवावं. आणि समुद्रात तरंगणारं प्लॅस्टिक, तुटकी जाळी फटीत अडकली की पंखा जाम होतो.

हे काम अंदाजाने करून घेऊ नका. जून-जुलैच्या बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात, तीच योग्य वेळ. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आपल्या जवळ आहे, कोचीला केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था आहे. आधी तिथे विचारावं, मगच फॅब्रिकेटरकडे जावं.

खरा प्रश्न

हिशेब असा मांडून पाहा. समजा, एका फेरीला 1000 लिटर डिझेल लागतं, त्यातलं 600 लिटर जाळं ओढण्यात जातं. तिथे 15 टक्के वाचले तर 90 लिटर झाले. लिटरला 90 रुपये धरले तर फेरीमागे 8100 रुपये. पण ही बचत आपोआप होत नाही. कडं बसवल्यावर तांडेलाने थ्रॉटल खाली घेतला, तरच ती होते. इंजिन पूर्वीइतकंच ताणलं आणि वाढलेल्या ओढीवर मोठं जाळं लावलं, तर डिझेल तेवढंच जळणार.

नेमका धोका इथेच आहे. मोह मोठ्या जाळ्याचाच होतो. एकाने लावलं की शेजारचाही लावतो. समुद्रातली मासळी काही कड्याने वाढत नाही. बारीक मासळी आणखी ओढली जाते, आणि किनाऱ्यालगतच्या छोट्या होडीवाल्याच्या वाट्याचं आणखी कमी होतं. राज्यात 1981 पासून सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, पण थ्रॉटलवरचा हात तांडेलाचाच असतो.

तेव्हा कडं बसवण्याआधी पाच फेऱ्यांचं डिझेल वहीत लिहा, बसवल्यावर पुन्हा पाच फेऱ्यांचं लिहा. जाळं तेच ठेवा, ओढायचा वेगही तोच ठेवा. आकडा खाली आला तर कडं कामाचं. नाही आला, तर आधी थ्रॉटलकडे पाहा.