बॅटरसीचा मुंबईकर

‘ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले पहिले हिंदी गृहस्थ कोण?’ या प्रश्नाला शाळेत मी एका दमात ‘दादाभाई नवरोजी’ असे उत्तर देत असे. दुसरे कोण, तिसरे कोण, हे मास्तरांनी कधी विचारले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी एका पारशी स्नेह्यांकडे चहा घेताना तिसऱ्यांचे नाव कानावर आले : शापुरजी सकलातवाला. ‘आमच्यातला कम्युनिस्ट!’ असे म्हणून स्नेही मिस्कील हसले.

सकलातवालांचा जन्म १८७४चा, मुंबईतला. आई जेरबाई म्हणजे जमशेटजी टाटांची सख्खी बहीण. मामांच्या पोलाद कारखान्यासाठी हा भाचा लोखंडाचे दगड शोधत रानोमाळ हिंडला. त्याआधी मुंबईत प्लेग आला, तेव्हा डॉ. हाफकिन यांच्या हाताखाली त्याने काम केले होते. १९०५ साली ते विलायतेला गेले. तिथे सॅली मार्श या कष्टकरी घरातल्या मुलीशी त्यांनी लग्न केले आणि तिथलेच होऊन गेले. नोकरी टाटांच्याच लंडन कचेरीत, आणि संध्याकाळी भाषणे मात्र मजुरांच्या सभांतून! ही कसरत त्यांनी इतकी वर्षे कशी निभावली, याचेच मला नवल वाटते.

१९२२ साली लंडनच्या बॅटरसी भागातल्या कामगारांनी त्यांना निवडून दिले. पुढच्या वर्षी ते थोडक्यात पडले. १९२४ साली उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले. मतदार गोरे, उमेदवार मुंबईचा, आणि सभागृहात विषय हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा. १९२६च्या संपाच्या वेळी ‘सैनिकांनो, मजुरांवर गोळी झाडू नका’ अशा अर्थाचे भाषण हाइड पार्कमध्ये केले म्हणून खासदारसाहेबांना दोन महिने तुरुंगात काढावे लागले.

१९२७च्या आरंभी ते हिंदुस्थानात आले आणि त्यांनी थेट गांधीजींनाच जाहीर पत्र धाडले. लोक पाया पडतात ते थांबवा, चरखा पुरे, कामगार-शेतकऱ्यांच्या संघटना बांधा, असा त्याचा मथितार्थ. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून सौम्य पण ठाम उत्तर दिले. भांडवल आणि श्रम यांत वैर असलेच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. खरे सांगायचे तर गिरणगावाची पुढची दशा पाहिलेल्या माझ्यासारख्याला सकलातवालांचे म्हणणे पटते. पण खेड्यातल्या माणसाची नस त्यांना सापडली नव्हती, हेही तितकेच खरे. असो. या दौऱ्यानंतर सरकारने त्यांना मायदेशी पुन्हा पाऊल ठेवू दिले नाही.

त्याच वर्षी त्यांनी आपल्या पाचही मुलांची नवजोत लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये लावली. पक्षाने कान उपटले. इकडे बडे लोक त्यांना बोल्शेविक म्हणून नाके मुरडत, तिकडे बोल्शेविकांना त्यांचा कस्ती-सदरा खुपे. माणूस मात्र दोन्ही सोडायला तयार नव्हता.

१९२९ साली ते हरले. मीरत कटातल्या कैद्यांसाठी, स्वराज्यासाठी सभा घेत राहिले, आणि १९३६च्या जानेवारीत लंडनमध्येच वारले. त्याच वर्षी पेटलेल्या स्पेनच्या यादवीत लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला त्यांचे नाव दिले गेले.

त्यांच्या अस्थी लंडनजवळच्या ब्रुकवूड इथल्या पारशी दफनभूमीत आहेत. जमशेटजीमामांचीही समाधी तिथेच आहे.