मंदावलेला लॅपटॉप : जरा की व्याधी?

चिकित्सालयातील रुग्णपत्रके, औषधालयातील साठ्याची नोंद, औषधनिर्मितीशाळेतील बॅचची कागदपत्रे आणि जीएसटीचे हिशेब हे सारे आज बहुतेक वैद्यांकडे एकाच लॅपटॉपच्या पोटात साठलेले असते. हा लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, कधी त्याहूनही जुना असतो. कालपर्यंत तो आपल्या गतीने चालत होता आणि आज सकाळी रुग्णाचे नाव टंकित केले तर अक्षर पडद्यावर उमटायला पाच-सहा सेकंद लागतात, असा अनुभव आला की साधारणतः दोनपैकी एक निर्णय तत्काळ घेतला जातो. ‘जुना झाला, नवा घेऊ’ हा पहिला, आणि ‘दुकानात देऊन फॉरमॅट करून घेऊ’ हा दुसरा. आमच्या मते हे दोन्ही निर्णय निदानापूर्वीचे असून दुसरा तर प्रसंगी घातक ठरतो.

वार्धक्य एका रात्रीत येत नाही. जो लॅपटॉप दोन-तीन वर्षांत कणाकणाने मंदावला त्याची गोष्ट निराळी. त्यावर नवी सॉफ्टवेअरे चढत गेली आणि त्याची स्मृती अपुरी पडू लागली, हे स्वाभाविक आहे. परंतु जो अचानक मंदावला त्याच्यात काहीतरी नव्याने घडलेले असते. म्हणून पहिला प्रश्न आपण रुग्णाला विचारतो तोच : कधीपासून, आणि त्याआधी काय झाले होते? नवा प्रिंटर जोडला का? चार्जर बदलला का? बाहेरचा पेन-ड्राइव्ह लावला का? लॅपटॉप हातातून पडला का? या चार प्रश्नांच्या उत्तरांत निम्मे निदान दडलेले असते.

मात्र उत्तरे शोधण्यापूर्वी एक काम करावयाचे आहे आणि त्याला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. लॅपटॉप चालू आहे तोवर त्यातील नोंदींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. अचानक आलेल्या मंदपणाच्या कारणांपैकी सर्वांत धोकादायक कारण म्हणजे मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला बहुधा ५,४०० फेरे घेणारी चुंबकीय तबकडी असते. तिच्यावरील एखादा भाग खराब झाला की यंत्र तेथील माहिती वाचण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न करीत बसते आणि आपल्याला दिसतो तो केवळ मंदपणा. अशा डिस्कवर ‘डीफ्रॅग’ करणे किंवा दुरुस्तीची आज्ञावली रात्रभर चालविणे म्हणजे क्षीणबल रुग्णाला तीक्ष्ण विरेचन देण्यासारखे आहे. शोधनापूर्वी बल पाहावे हे आपण वैद्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. संगणक-दुकानदाराला मात्र ते सांगावे लागते.

प्रत घेतानाही क्रम असावा. प्रथम रुग्णनोंदी, मग हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा-फोल्डर, मग बॅचनोंदी व परवान्याची कागदपत्रे. छायाचित्रे आणि परिषदांच्या चित्रफिती सर्वांत शेवटी. एखाद्या फाइलवर यंत्र अडून बसले तर ती सोडून पुढे जावे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर लॅपटॉप बंद करावा आणि पुन्हा चालू करण्याचा मोह टाळावा. ते काम माहिती-पुनःप्राप्ती करणाऱ्या तज्ज्ञांचे आहे, मग त्यासाठी बारामतीहून शंभर किलोमीटरवरील पुणे गाठावे लागले तरी चालेल. आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या नोंदी युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकित केलेल्या आहेत. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर ‘अश्वगंधारिष्ट’ असे लिहिलेल्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. तेव्हा विंडोजच्या फॉन्ट-फोल्डरचीही प्रत घ्यावी आणि त्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक असल्यास ते जपून ठेवावे.

नोंदी सुरक्षित झाल्यावर परीक्षण. सर्वप्रथम ‘रीस्टार्ट’ करावे. यात नवीन ते काय, असे वाटेल. पण विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांत भेद आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय चालू असता शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा पुसला जात नाही, तो डिस्कवर जतन होतो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्या वैद्याचे यंत्र अशा रीतीने महिनोन्‌महिने खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेलेच नसते.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे शेकडेवारीचे आकडे दिसतात. कोणतेही काम चालू नसता डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल तर ‘परफॉर्मन्स’ विभागात डिस्कचा सरासरी प्रतिसादकाल पाहावा. निरोगी हार्ड डिस्कमध्ये तो साधारणतः दहा-वीस मिलिसेकंदांच्या घरात असतो. तो वारंवार शेकडो किंवा हजारांत जात असेल तर संशय बळावतो. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर डिस्कने स्वतः राखलेली प्रकृतिनोंद वाचून दाखविते. तेथे ‘कॉशन’ वा ‘बॅड’ हा शब्द दिसला की डिस्क बदलणे हाच उपाय. देह झीज भरून काढतो, तबकडी काढत नाही. येथे आपली उपमा संपते.

डिस्क शांत आहे, मेमरीही मोकळी आहे, आणि तरीही सारे रेंगाळते आहे, अशा वेळी प्रोसेसरचा वेग पाहावा. तो अर्ध्या-पाऊण गिगाहर्ट्‌झवर अडकून वर चढतच नसेल तर कारण बहुधा दोन. एक चार्जर, दुसरे उष्णता. काही कंपन्यांचे लॅपटॉप आपला चार्जर ओळखतात; तो ओळखू आला नाही, मग तो नकली असो वा त्याच्या पिनेतील बारीक तार तुटलेली असो, तर प्रोसेसरचा वेग जाणूनबुजून खाली आणतात. येथे उपशय-अनुपशयाची परीक्षा करावी. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. वेग परत आला तर दोष चार्जरचा. पाच मिनिटांच्या या परीक्षेने नव्या लॅपटॉपचा खर्च वाचू शकतो.

उष्णतेचा विषय आपल्या भागात थोडा विस्ताराने पाहावा लागेल. बारामती-इंदापूरचा पट्टा पर्जन्यछायेतला; वैशाखात खोलीतील हवाच इतकी तापलेली असते की पंख्याने ती ओढून यंत्र थंड होणार तरी किती? त्यात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला आणि शेतातील पाचट पेटू लागले, म्हणजे काळी काजळी खिडकीतून थेट टेबलावर उतरते. औषधनिर्मात्यांकडे याहून एक भर असते : पल्व्हरायझरमधून उडणारे सूक्ष्म चूर्ण. वस्त्रगाळ हरीतकी किंवा शतावरीचे कण पंख्यामागील पातळ पत्र्यांत जाऊन बसतात, हवेतील दमट अंश घेऊन घट्ट होतात आणि लॅपटॉपचा श्वास कोंडतो. स्रोतोरोध म्हणावयाचा तर हाच. यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करते. ज्याने खालचे झाकण यापूर्वी उघडलेले आहे अशा कारागिराकडून हे पत्रे साफ करून घ्यावेत व प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. गॅरेजमधील हवेच्या कॉम्प्रेसरने मात्र कदापि फुंकू नये. त्यात पाण्याचे थेंब असतात आणि पंखा प्रमाणाबाहेर फिरून निकामी होऊ शकतो. बॅचनोंदीचा लॅपटॉप चूर्णकक्षाच्या बाहेर ठेवणे हे निदानपरिवर्जन.

आठवड्यातील काही दिवस बारामतीस आणि काही दिवस इंदापुरास रुग्ण पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द अधिक. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकीमार्गे जाताना लॅपटॉप पिशवीत असतो आणि घाईत केवळ झाकण मिटलेले असते. झाकण मिटल्याबरोबर तबकडी थांबत नाही; काही वेळा बंद पिशवीतच यंत्र जागे होऊन तापते. प्रवासापूर्वी ते पूर्ण बंद करावे, दिवे विझेपर्यंत थांबावे. शिवाय जो लॅपटॉप आठवड्यातून एकदाच उघडतो त्याची साचलेली अद्ययावतीकरणे त्याच दिवशी एकदम सुरू होतात. तो मंदपणा रोग नव्हे. एक रात्र चार्जर व इंटरनेट जोडून ठेवले की बहुधा शमतो.

उरलेली कारणे थोडक्यात. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस, सी ड्राइव्ह काठोकाठ भरणे, ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली वीस पाने, ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर आणि त्याबरोबर आलेला उपद्रव. हे सारे टास्क मॅनेजरमध्ये पाच मिनिटांत ओळखू येते.

हार्ड डिस्क बदलावयाचीच असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. तीत फिरणारा भागच नसल्याने जुन्या लॅपटॉपलाही आश्चर्यकारक गती येते. मर्यादा आहे ती अन्यत्र. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-अद्ययावते १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ सुमारे २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. तेव्हा अशा जुन्या यंत्रावर बँकेचे व जीएसटीचे व्यवहार करीत राहणे आम्हांस योग्य वाटत नाही. रुग्णनोंदी व साठ्यासाठी, इंटरनेट न जोडता, ते आणखी काही वर्षे काढील.

शेवटी दुकानात देण्याविषयी. रुग्णांचे संकोचाचे विकार ज्या नोंदींत आहेत त्या आपण अनोळखी माणसाच्या हाती देत असतो, आणि २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. शक्य असल्यास दुरुस्ती समोर बसून करून घ्यावी. फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी; दहा-बारा फाइली खरोखर उघडतात का, हे स्वतः तपासावे. औषधनिर्मात्यांना शेड्यूल टीप्रमाणे बॅचनोंदी दाखवाव्या लागतात आणि जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. ‘लॅपटॉप बिघडला’ हे उत्तर कोणताही निरीक्षक ऐकून घेणार नाही. काढलेली जुनी डिस्क दुकानात न सोडता मागून आणावी, तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावावी आणि नव्या डिस्कवरील सर्व नोंदी ताळ्यास लागेपर्यंत ती कपाटात कुलूपबंद ठेवावी.