वाघानेच ओढलेला खटका

रात्री डोळ्यांवर दिवा आला की हरीण पळत नाही, टक लावून उभे राहते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शिकारी याचाच फायदा घेत. होडीच्या नाळेवर दिवा लावून तळ्याच्या काठाकाठाने आवाज न करता जायचे, अंधारात दोन डोळे चमकले की त्यांच्या मधोमध गोळी. जॉर्ज शिरास हे वकीलही असेच शिकार करत. पुढे त्यांनी होडी आणि दिवा तसाच ठेवला, बंदुकीच्या जागी मात्र कॅमेरा आणला. उजेडासाठी मॅग्नेशियमची भुकटी पेटवायची. तिचा भडका उडाला की हरणे चौफेर उधळत, म्हणून दुसरा कॅमेरा सज्ज ठेवून त्यांनी ती धावपळही टिपली. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये त्यांची ७४ छायाचित्रे छापून आली.

हरीण निदान पाण्यावर येऊन उभे तरी राहते. वाघाचे काय करायचे?

हे कोडे सोडवले एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने, १९२० च्या दशकात, हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत. काट्याकुट्यांतून जाण्यापेक्षा वाघाला मळलेली वाट किंवा कोरड्या नाल्याची वाळू बरी वाटते. अशा वाटेवर आडवी तार ताणून तिला बंदूक बांधण्याची युक्ती शिकाऱ्यांकडे होतीच. चॅम्पियनने तारेला कॅमेरा जोडला. वाघाचा पाय अडखळला की भडका, आणि फोटो तयार. पण भुकटी एकदाच उडणार. वाघाआधी एखादे साळिंदर येऊन गेले की रात्र फुकट! त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये आले. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, हेही त्याने हेरले होते.

आज ताडोबा-मेळघाटातली वाघगणना याच गोष्टीवर चालते. झाडाला साधारण गुडघ्याच्या उंचीवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा बांधतात, कारण एकाच वाघाचे डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. तार गेली, अंगाची ऊब आणि हालचाल जाणवली की खटका आपोआप दाबला जातो. आतल्या कार्डवर एकाच वाटेचे फोटो वेळेसकट ओळीने मिळतात: चितळांचा कळप, एकटे सांबर, रानडुकरे, मग वाघ. शिकारीचा प्रत्यक्ष क्षण त्यात क्वचितच सापडतो. ती बहुतेक वेळा वाट सोडून, झाडोऱ्यात झालेली असते.