मुद्रण-परिभाषेचे स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर

पारिभाषिक शब्दाचा अर्थ निश्चित असतो व म्हणून त्याचे भाषांतर सुलभ असते, अशी एक समजूत आहे. व्यापारी मुद्रणाच्या परिभाषेपुढे ती टिकत नाही. येथील चूक कागदावरच्या एका शब्दापुरती राहत नाही. ती हजारो प्रतींत उतरते व तिचा भुर्दंड ग्राहकास अथवा मुद्रकास सोसावा लागतो.

पहिली अडचण अनेकार्थतेची होय. ‘प्लिएगो’ म्हणजे मुळात कागदाचा ताव. ग्रंथमुद्रणात हाच शब्द ताव दुमडून होणाऱ्या फर्म्यास लावतात. तेथे इंग्रजीत ‘शीट’ नव्हे, ‘सिग्नेचर’ म्हणावे लागते. निविदेतील ‘प्लिएगो दे कोन्दिसिओनेस’ हे तर अटींचे पत्रक असून त्याचा छपाईच्या तावाशी संबंध नाही.

दुसरी अडचण एकाच धातूपासून निघालेल्या शब्दांची. ‘सांग्रे’ म्हणजे रक्त. ‘आ सांग्रे’ छापणे म्हणजे कापणीनंतर समास उरू नये अशा रीतीने चित्र कडेबाहेर नेणे. इंग्रजी ‘ब्लीड’मागेही रक्तस्रावाचीच कल्पना आहे. परंतु ‘सांग्रिया’ म्हणजे परिच्छेदारंभी सोडलेली मोकळी जागा, अर्थात ‘इंडेंट’. ‘सांग्रादो’ तर दोन्ही अर्थांनी आढळतो. तो जुळणीच्या सूचनेत आला आहे की कापणीच्या, हे पाहिल्यावाचून अर्थनिर्णय होत नाही.

तिसरी अडचण मापनाची असून ती सर्वांत खर्चाची आहे. स्पॅनिश ‘ग्रामाखे’ म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. अमेरिकेत मात्र ठरावीक मूळ आकाराच्या ५०० तावांचे वजन पौंडांत सांगतात आणि हा आकार कागदाच्या जातीनुसार बदलतो : ‘टेक्स्ट’ कागदास २५ × ३८ इंच, तर ‘कव्हर’ कागदास २० × २६ इंच. परिणामी ८० पौंडी ‘टेक्स्ट’ कागद सुमारे ११८ ग्रॅमचा, तर ८० पौंडी ‘कव्हर’ कागद सुमारे २१६ ग्रॅमचा भरतो. जातीचा उल्लेख न करता केवळ पौंडांचा आकडा लिहिल्यास जवळजवळ दुप्पट जाडीचा कागद मागविला जाण्याचा संभव असतो. यास्तव मूळ ग्रॅमचा आकडा कायम ठेवून त्यापुढे जातीसह पौंडांतील समतुल्य देणे इष्ट ठरते.

या तिन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा भाषांतराचे एकक शब्द नसून त्यामागील क्रिया आहे. ताव, कापणी व तोल यांचे ज्ञान नसेल, तर उत्तम कोशही भाषांतरकारास तारू शकत नाही.