आशा नावाचा दोर

मराठी माणूस आशेविषयी बोलू लागला, की बघता बघता त्याचा सूर बदलतो. वेडी आशा, खोटी आशा, आशेला लावणे, आशाळभूतपणे बघणे असे बोलीतले नुसते प्रयोग आठवून पाहिले, तरी या शब्दाची संगत फारशी चांगली नाही हे कळते. त्यामागे मोठी परंपरा आहे. आशा ही बेडी आहे, पण उफराटी बेडी, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित अनेकांना पाठ असेल. या बेडीने जखडलेला माणूस धावत सुटतो, आणि तिच्यातून सुटलेला पांगळ्यासारखा जागीच बसतो. 'आशापाश' हा शब्द तर कीर्तनांतून, प्रवचनांतून इतका रुळला, की आशा म्हटले की पाठोपाठ पाश आलाच. शहाण्याने तो तोडावा, असा एकंदर सल्ला.

गेली काही वर्षे मी मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचते आहे. सुरुवात केवळ शब्दांच्या कुतूहलाने झाली. वाचता वाचता एका प्रश्नापाशी मात्र मी अडकून राहिले. ख्रिस्ती शिकवणीत विश्वास, आशा आणि प्रीती या तिघींना जोडीने मान आहे. म्हणजे तिथे आशा हा दोष नाही, सद्गुण आहे. नुसता सद्गुण नाही, कर्तव्य आहे. मग ज्या भाषेने आशेला फास म्हटले, त्या भाषेत ही शिकवण उतरवताना काय झाले? आणि ती रोज वाचणाऱ्या, तिच्यावर दिवस काढणाऱ्या माणसांनी 'आशा' या शब्दाचा काय अर्थ घेतला?

पहिले उत्तर गोव्यातून मिळते, आणि ते मोठे बोलके आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला तो बिनदिक्कत वैकुंठ म्हणतो. परंपरेचे शब्द घेताना तो बिचकत नाही. पण त्याच प्रदेशात ख्रिस्ती लोकांची जी कोंकणी रुळली, तिच्यात या तीन सद्गुणांची नावे आहेत भावार्थ, भरवंसो आणि मोग. म्हणजे आशेच्या जागी भरवसा. कारण उघड आहे. कोंकणीत आशा म्हणजे हाव. दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये ही आज्ञासुद्धा तिथे याच शब्दापासून झालेल्या क्रियापदाने सांगतात. ज्या शब्दाने पाप सांगायचे, त्याच शब्दाने पुण्य कसे सांगणार?

इकडे प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी वेगळी वाट धरली. श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्याचे सहकारी पंडित यांच्या खटपटीतून १८११ मध्ये मराठी नवा करार आला. १८१३ पासून मुंबईत आणि नंतर अहमदनगरात अमेरिकन मिशनचे काम उभे राहिले, आणि भाषांतरे पुन्हापुन्हा तपासली गेली. मराठी बायबलात रुळला तो शब्द आशाच. कोंकणीने टाळला तो शब्द मराठीने डोक्यावर घेतला. यात धाडस किती आणि सोय किती, हे ठरवणे कठीण आहे. मला स्वतःला कोंकणीची निवड अधिक अचूक वाटते, पण मराठीची अधिक फलदायी. वादग्रस्त शब्द घेतला की त्याच्याशी झगडावे लागते.

हा झगडा काही मराठीनेच प्रथम केला असे नाही. पौलाने ग्रीकमध्ये लिहिले, आणि ग्रीकांची एल्पिस हीसुद्धा संशयित बाईच होती. हेसिअडच्या कथेत पँडोराच्या रांजणातून सगळी संकटे बाहेर पडतात आणि आशा तेवढी आत उरते. ती वरदान म्हणून उरली की शेवटचे संकट म्हणून, यावर विद्वान अजून भांडत आहेत. पौलाने तोच शब्द उचलला, पण त्याची जागा बदलली. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो एक साखळी मांडतो. त्याच्या मते संकटातून सहनशीलता येते, सहनशीलतेतून कसाला उतरलेले मन आणि त्यातून आशा. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपण समजतो की आशा आधी असते आणि तिच्या बळावर माणूस सोसतो. पौल म्हणतो, आधी सोसणे आणि आशा शेवटी. पदरात पडलेल्या गोष्टीची आशा कोणी धरत नाही, असेही तो पुढे बजावतो. म्हणजे ही आशा कशाची तरी हाव नव्हे, आणि सगळे ठीक होईल असा अंदाजही नव्हे.

हिब्रूकडे गेले की गंमत आणखी वाढते. जुन्या करारात आशेसाठी 'तिकवा' हा शब्द येतो. या शब्दाचा दुसरा अर्थ दोर. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगरातली राहाब नावाची वेश्या हेरांना आसरा देते, आणि खूण म्हणून खिडकीला किरमिजी दोर बांधते. तो दोर पाहूनच पुढे तिचे घर वाचते. त्या दोरासाठी मूळ शब्द तिकवाच आहे. आपल्याकडेही आशा म्हणजे दोर आणि तिकडेही दोरच. फरक एवढाच, की आपला दोर गळ्यात आहे आणि तिचा खिडकीला.

इथे एक आडवळण घेते. इब्रीकरांच्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, जहाजाचा नांगर. आणि लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, की नांगराला हात घालून मागे पाहणारा कामाचा नाही. हा दुसरा नांगर शेतातला. ग्रीकमध्ये हे दोन अगदी वेगळे शब्द. मराठीत दोन्हींना नांगर! एक धरून ठेवणारा, दुसरा पुढे जाणारा. एक आशेचा, दुसरा शिष्यपणाचा. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर सिद्धान्त उभारू नये. पण वसईसारख्या ठिकाणी, जिथे एकाच धर्मग्रामात कोळीही आहेत आणि वाडीत राबणारेही, तिथे ही दोन वचने ऐकणाऱ्याच्या मनात एकमेकांत मिसळत नसतील असे मला वाटत नाही. शिष्य या शब्दाचेही तसेच आहे. आपला शिष्य गुरूपाशी बसतो. शुभवर्तमानातले शिष्य गुरूच्या मागे चालतात. वारकऱ्यांच्या मुलखात हे चालणे परके वाटण्याचे कारण नव्हते.

आता माणसांकडे येते, कारण शब्दाचा खरा कस तिथेच लागतो.

पंडिता रमाबाईंचे चरित्र म्हणजे गमावलेल्या माणसांची यादी आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. हाताशी एक लहान मुलगी, मनोरमा. पुढे केडगावला दुष्काळपीडित मुलींसाठी आणि विधवांसाठी त्यांनी जे उभारले, त्याला नाव दिले 'मुक्ती'. बंधन तोडण्याचा, पाश सुटण्याचा आपल्याकडचा सर्वांत जुना शब्द. पण तिथे जाऊन कोणी ध्यानाला बसत नव्हते. विणकाम होते, शेती होती, स्वयंपाक होता आणि छापखाना होता. छापखान्यात बायका खिळे जुळवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतराची भाषा त्यांना पंडिती वाटे. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असे मराठी त्यांना हवे होते. संस्कृतात सभा गाजवलेल्या बाईने हे म्हणावे, याला फार अर्थ आहे. काम वर्षानुवर्षे चालले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जी आईनंतर सगळे सांभाळणार असे सर्वांनी धरले होते. रमाबाईंचे काम तरीही थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. मुलगी गेल्यावरही जुळणीचे कागद तपासत बसलेल्या त्या बाईला आशावादी म्हणणे मला हास्यास्पद वाटते. आशावादी माणसाला पुढे काय होणार याचे चित्र दिसत असते. त्यांच्यापुढे बहुधा दुसऱ्या दिवसाचे पान होते.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळ्या सुरातली. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. 'स्मृतिचित्रे'तला तो भाग वाचताना लक्षात येते, की या बाईंची प्रतीक्षा शांत, सोशिक वगैरे अजिबात नाही. त्या रडतात, चिडतात, स्वतःवर विनोद करतात, दुःखाच्या कविता रचतात. टिळकांकडे परत गेल्या तेव्हाही सोवळे सोडले नाही. वेगळी चूल, वेगळे पाणी. मग जाती देवाने केल्या की माणसाने, असा विचार करता करता एकेक गोष्ट गळत गेली. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. कोणी ओढून नेल्याची भाषा त्यात नाही. शिष्यत्व असे चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी ठरलेले मी दुसरीकडे फारसे वाचलेले नाही.

टिळक स्वतः तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेल्याचे सांगत. या पुलाचा एक खांब 'आस' हा असावा असा माझा तर्क आहे. आस हे आशेचेच घरगुती रूप, पण संतांच्या अभंगांत आशा जेवढी वाईट तेवढी आस गोड. आशा द्रव्याची, मानाची, आस भेटीची. माहेरवाशिणीची, वारकऱ्याची. पाश तोडा म्हणणाऱ्या संतांनी हा एक धागा मात्र कधी तोडला नाही. बायबलातली आशा टिळकांनी आसेच्या कानाने ऐकली असेल, तर तो शब्द त्यांना खटकण्याचे कारणच उरत नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे जागा होती. कल्पना काळाच्या फार पुढची. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबाराचा मांड मोडला. मागे आणखी एक काम अर्धे राहिले होते, 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य. त्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. पुढचे बहुतेक लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या बाईने, नवऱ्याच्या ओवीला आपली ओवी जोडत.